काळ्या पडद्याशी जावास्क्रिप्टचा संवाद

एका सहकारी पतसंस्थेत लाभांशवाटपाची तयारी सुरू आहे, असे समजू. ४० हजार सभासदांची नावे, खाते क्रमांक आणि भागांची रक्कम असलेली मराठी यादी एका साध्या फाइलमध्ये आहे. संस्थेचे संगणकाचे काम पाहणाऱ्या तरुणाने जावास्क्रिप्टमध्ये एक छोटी आज्ञावली लिहिली. ती आधी लाभांशाचा दर विचारते, मग यादी वाचते आणि प्रत्येक सभासदाची रक्कम काढून ओळीमागून ओळ उमटवते. दहा नावांवर चाचणी झाली. पडद्यावर सारे बिनचूक दिसले. त्यानंतर पूर्ण यादी देऊन निकाल पडद्याऐवजी छपाईची पाने जुळवणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीकडे वळवण्यात आला. दर विचारणारा प्रश्न या वेळी पडद्यावर दिसला नाही, पण सवयीने दर टाइप करून एंटर दाबले गेले. पाने छापून झाली आणि तक्रारी सुरू झाल्या. कोणाच्या आडनावाच्या मधोमध काळ्या चौकोनातली प्रश्नचिन्हे होती. कोणाची एक नोंद दोन ओळींत तुटली होती. पहिल्या पानाच्या माथ्यावर 'लाभांशाचा दर किती?' हा प्रश्न दिमाखात छापला होता, आणि यादीच्या शेवटची काही नावे गायब होती.

हा प्रसंग कल्पनेतला असला, तरी त्यातली एकही चूक कल्पनेतली नाही. कमांड लाइनवर चालणाऱ्या जावास्क्रिप्ट आज्ञावल्या लिहिणाऱ्यांना या चारही चुका कधी ना कधी भेटतातच. चौघींचे मूळही एकच आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने ती पडद्याकडे पाहून लिहिली, आणि प्रत्यक्ष कामाच्या वेळी आज्ञावली पडद्याशी बोलतच नव्हती.

माउस आणि स्पर्शपडद्यांच्या जमान्यात काळ्या खिडकीत अक्षरे टाइप करून संगणक चालवतो तरी कोण, असा प्रश्न वाचकांना पडू शकेल. सामान्य ग्राहकाला दिसणाऱ्या संकेतस्थळांमागचे आणि सेवांमागचे पुष्कळसे काम आजही याच खिडकीत होते. रात्री आपोआप होणारे हिशेब, माहितीच्या प्रती काढणे, एका यंत्रणेतील याद्या दुसरीत नेणे अशी कामे करणाऱ्या आज्ञावल्यांना बटणे आणि चित्रे लागत नाहीत. उलट अलीकडे या खिडकीचे महत्त्व वाढले आहे. गुगलने जून २०२५ मध्ये आपले 'जेमिनी' हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन टर्मिनलसाठी खुले केले. ते जावास्क्रिप्टच्याच कुळातील टाइपस्क्रिप्ट भाषेत लिहिलेले आहे.

टाइपरायटरचा वारसा

आज 'टर्मिनल' म्हटले की पडद्यावरची एक खिडकी डोळ्यांपुढे येते. मूळचे टर्मिनल मात्र कागदावर छापणारे यंत्र होते. १९६३ मध्ये आलेले 'टेलिटाइप मॉडेल ३३' सेकंदाला १० अक्षरे छापत असे. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून युनिक्स ही कार्यप्रणाली उभी करणारे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची अशाच यंत्रांपुढे बसून काम करीत. कागद नाहीसा झाला, त्याची जागा काचेच्या पडद्याने घेतली आणि पुढे पडद्यावरच्या खिडकीने. पण टेलिटाइपचे 'टीटीवाय' हे लघुरूप संगणकाच्या पोटात टिकून राहिले. आपण टर्मिनलशी जोडलेले आहोत काय, हे विचारण्यासाठी जावास्क्रिप्टची आज्ञावली जो गुणधर्म तपासते, त्याचे नाव आजही 'इझ-टीटीवाय' असेच आहे.

युनिक्सने प्रत्येक आज्ञावलीला जन्मतःच तीन वाटा दिल्या. शून्य क्रमांकाची वाट आत येण्याची, पहिल्या क्रमांकाची निकाल बाहेर जाण्याची आणि दुसऱ्या क्रमांकाची तक्रारी बाहेर जाण्याची. त्यांना स्टँडर्ड इनपुट, स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर म्हणतात. कोणती वाट कोठे जोडायची, हे आज्ञावली ठरवत नाही. ती चालवणारा ठरवतो. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये युनिक्समध्ये 'पाइप' आला. एका उभ्या रेघेच्या चिन्हाने एकीचा निकाल दुसरीच्या इनपुटमध्ये सोडता येऊ लागला. या सोयीचे मोल मोठे आहे. छोट्या छोट्या आज्ञावल्या साखळीसारख्या जोडून मोठी कामे करता येऊ लागली, ती याच एका कल्पनेमुळे.

तिसरी वाट मागाहून आली. तिची जन्मकथा त्याच प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी सांगितली आहे. तेथे तेव्हा नवे फोटोटाइपसेटिंग यंत्र आले होते. मजकूर छायाचित्रणाच्या कागदावर उमटे आणि तो कागद रसायनांच्या उग्र वासाच्या दुसऱ्या यंत्रातून काही मिनिटे काढावा लागे. एके दुपारी अनेकांना एकच अनुभव आला. एवढा खटाटोप करून बाहेर आलेल्या कागदावर सुबक टायपात एकच ओळ होती: अमुक फाइल उघडता येत नाही. चुकीचा संदेशही निकालाच्याच वाटेने गेला होता. कुरकुर योग्य माणसांच्या कानी गेली आणि थोड्याच दिवसांत तक्रारींसाठी स्वतंत्र वाट निघाली. पतसंस्थेच्या पानावर छापला गेलेला प्रश्न आणि बेल लॅब्जमधली ती सुबक ओळ या सख्ख्या बहिणी आहेत. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आजच्या आज्ञावल्यांत पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, ही काहीशी मजेची आणि बरीचशी खेदाची बाब आहे.

ना कान, ना तोंड

जावास्क्रिप्टला या वारशाची ओळख उशिराच झाली. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ही भाषा घडवली ती ब्राउझरमधील पानांसाठी. तिच्या अधिकृत मानकात बाहेरून माहिती घेण्याची वा बाहेर देण्याची कोणतीच तरतूद नाही. मानकच तसे स्पष्ट सांगते. कान आणि तोंड पुरवण्याचे काम ती भाषा ज्या घरात राहते त्या घराचे. ब्राउझरने तिला पान दिले, इशाऱ्याची आणि प्रश्नाची छोटी चौकट दिली. रायन डाल यांनी २००९ मध्ये 'नोड' तयार करून जावास्क्रिप्टला ब्राउझरबाहेर काढले, तेव्हा युनिक्सच्या तीन वाटा तिच्या हाती आल्या. 'प्रोसेस' या वस्तूत त्या 'स्टडइन', 'स्टडआउट' आणि 'स्टडएरर' या नावांनी मिळतात. नोडनंतर आलेल्या 'डेनो' आणि 'बन' यांनीही स्वतःच्या सोयींबरोबर त्याच तीन वाटा ठेवल्या.

ब्राउझरमधून आलेल्या प्रोग्रामरच्या हाताला एकच सवय असते, ती म्हणजे 'कन्सोल.लॉग'. ब्राउझरमध्ये ही सूचना विकसकापुरती असलेल्या खिडकीत काहीतरी टिपून ठेवते. ग्राहकाला ते दिसतही नाही. नोडमध्ये हीच सूचना स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे निकालाच्या मुख्य वाटेवर लिहिते. नाव तेच राहिले आणि अर्थ बदलला. 'यादी वाचत आहे', 'अर्धे काम झाले', 'एक रक्कम रिकामी आढळली' अशी बारीकसारीक टिपणे 'कन्सोल.लॉग'ने लिहिली की ती थेट लाभांशाच्या यादीत जाऊन बसतात. त्यांच्यासाठी 'कन्सोल.एरर' आहे. त्याच्या नावात चूक असली, तरी त्याचा खरा अर्थ 'चालवणाऱ्या माणसासाठी' असा घ्यावा. निकाल पहिल्या वाटेने आणि माणसाशी संवाद दुसऱ्या वाटेने, हा एक नेम पाळला तरी निम्मे दुखणे दूर होते.

सांध्यावर तुटणारी अक्षरे

आडनावात शिरलेल्या प्रश्नचिन्हांचे कारण अधिक खोल आहे, आणि ते मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचे आहे. नोड मोठी फाइल एका घासात गिळत नाही. ती तुकड्या-तुकड्यांनी येते, आणि फाइल वाचताना एका तुकड्याचा नेहमीचा आकार ६५,५३६ बाइट एवढा असतो. हा तुकडा बाइट मोजून कापलेला असतो. अक्षर कोठे संपते, ओळ कोठे संपते, याची त्याला पर्वा नसते. यूटीएफ-८ या सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत इंग्रजीचे अक्षर एका बाइटमध्ये मावते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. काप या १२ पैकी कोठेही बसू शकतो. तो 'ण'च्या पहिल्या बाइटनंतर बसला, तर पहिल्या तुकड्याच्या शेवटी एक निरर्थक बाइट उरतो आणि दुसऱ्याच्या आरंभी दोन. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे अक्षरांत बदलला, की दोन्हीकडे प्रश्नचिन्हे उमटतात. मूळ अक्षर कायमचे गेले.

पतसंस्थेच्या यादीचा हिशेब मांडून पाहता येईल. एका ओळीत नावाचे ६० बाइट आणि आकडे, स्वल्पविराम वगैरेंचे २० धरले, तर ४० हजार ओळींचे ३२ लाख बाइट होतात. त्यांचे ४९ तुकडे पडतील, म्हणजे ४८ सांधे. जवळपास प्रत्येक सांध्यावर एक ओळ दोन भागांत तुटेल आणि साधारण निम्म्या सांध्यांवर एक अक्षरही फुटेल. ४० हजारांत चाळीस-पन्नास नोंदी बिघडतील. नजर फिरवून या सापडणे कठीण, आणि दहा नावांच्या चाचणीत सापडणे तर अशक्यच, कारण दहा नावे पहिल्याच तुकड्यात मावतात. इंग्रजी नावांवर चाचणी घेणाऱ्या परदेशी प्रोग्रामरला अक्षर फुटल्याचे कधी कळणारही नाही. इंग्रजी अक्षर एका बाइटचे असल्याने ते मधोमध कापलेच जात नाही.

उपाय मात्र एका ओळीचा आहे. वाचनाच्या प्रवाहाला 'सेट-एन्कोडिंग' या सूचनेने यूटीएफ-८ असल्याचे सांगितले, की नोड अर्धवट बाइट जपून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याला जोडून मगच अक्षर बाहेर देतो. ओळींसाठी नोडसोबतच येणारा 'रीडलाइन' हा भाग वापरावा. तो अर्धी ओळ हातात राखून उरलेली येईपर्यंत थांबतो. तुकडा हाती आल्याबरोबर त्याचे अक्षरांत रूपांतर करून 'नव्या ओळीच्या चिन्हावर तोडा' असे सांगणारे नमुने पाठ्यक्रमांत आणि शिकवण्यांत सर्रास आढळतात. ते नमुने चुकीचे आहेत, असे स्पष्ट म्हणायला हवे.

लहान कामांसाठी आणखी सरळ मार्ग आहे. शून्य क्रमांकाची वाट एखादी फाइल असल्याप्रमाणे पूर्ण वाचून घ्यायची आणि मगच कामाला लागायचे. कोडिंगच्या स्पर्धांत भाग घेणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी जावास्क्रिप्टमध्ये बहुधा हेच करतात. संपूर्ण मजकूर एकदम हाती आल्याने सांधेच उरत नाहीत. माणूस समोर बसून उत्तरे टाइप करणार असेल, तेथे मात्र हा मार्ग उपयोगाचा नाही.

प्रश्न कोणाला विचारायचा?

'सी' भाषा शिकलेल्यांना प्रश्न विचारणे सोपे वाटते. उत्तर येईपर्यंत आज्ञावली त्या ओळीवर थांबते. जावास्क्रिप्टचा स्वभाव थांबण्याचा नाही. प्रश्न विचारून ती पुढे निघते आणि उत्तर आल्यावर काय करायचे, ते आधीच सांगून ठेवावे लागते. त्यामुळे नवशिक्यांच्या आज्ञावल्या प्रश्नाच्या उत्तराआधीच हिशेब करून मोकळ्या होतात. २०२१ मध्ये आलेल्या नोडच्या १७ व्या आवृत्तीपासून रीडलाइनचे 'प्रॉमिस' रूप मिळू लागले आणि 'अवेट' या शब्दाने 'उत्तर येईपर्यंत पुढची ओळ चालवू नये' असे सांगणे सुटसुटीत झाले.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. विचारायचे कोणाला? रीडलाइनला प्रश्न कोठे लिहायचा, हे सांगता येते. बहुतेक नमुन्यांत तेथे स्टँडर्ड आउटपुट दिलेले असते, आणि म्हणूनच तो प्रश्न पतसंस्थेच्या पानावर गेला. त्या जागी स्टँडर्ड एरर दिले असते, तर निकाल कोठेही वळवला तरी प्रश्न पडद्यावरच राहिला असता. दुसरी अडचण आत येणाऱ्या वाटेची. यादीच स्टँडर्ड इनपुटमधून येत असेल, तर दर विचारल्यावर उत्तर म्हणून यादीतील पहिल्या सभासदाची ओळ मिळेल. युनिक्सच्या कुळातील यंत्रणांवर 'डेव्ह' या निर्देशिकेतील 'टीटीवाय' ही खास फाइल उघडून थेट टर्मिनलशी बोलता येते. पण शहाणपणाचा मार्ग म्हणजे दर प्रश्नातून न घेता आज्ञेसोबतच पर्याय म्हणून घ्यावा, आणि तो दिलेला नसेल व समोर खरोखरच टर्मिनल असेल, तरच विचारावा.

ही तपासणी 'इझ-टीटीवाय'ने होते. टर्मिनल असेल तर उत्तर 'खरे' येते. नसेल तर 'खोटे' येत नाही, काहीच येत नाही, कारण पाइपवर तो गुणधर्मच नसतो. म्हणून 'खोटे आहे काय' असे विचारणारी तपासणी फसते. आज्ञावली रात्री दोन वाजता वेळापत्रकानुसार आपोआप चालणार असेल, तर ही तपासणी चैन राहत नाही. तेव्हा टर्मिनलपुढे कोणी नसते. इनपुटची वाट उघडताच संपते, जुन्या कॉलबॅक पद्धतीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कधीच येत नाही, आणि करण्यासारखे काही उरले नाही असे समजून नोड मुकाट्याने बंद होतो. वर शून्य हा निकाल-क्रमांक ठेवून जातो. युनिक्सच्या परंपरेत शून्याचा अर्थ यशस्वी. सकाळी सारे हिरवे दिसते आणि काम झालेलेच नसते.

पासवर्डचे प्रकरण आणखी नाजूक. तो आज्ञेसोबत पर्याय म्हणून दिला, तर शेलच्या इतिहासात नोंदला जातो आणि अनेक यंत्रणांवर चालू आज्ञावल्यांच्या यादीत इतरांनाही दिसतो. तो विचारूनच घ्यावा लागतो, आणि टाइप करताना अक्षरे दिसता कामा नयेत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपण दाबलेली अक्षरे पडद्यावर उमटवण्याचे काम सामान्यतः आज्ञावली करीत नाही, टर्मिनलची यंत्रणा करते. ओळ पूर्ण होईपर्यंत अक्षरे तीच अडवून धरते, बॅकस्पेसने खोडण्याचे कामही तीच पाहते आणि एंटर दाबल्यावर तयार ओळ आज्ञावलीच्या हाती देते. पासवर्डसाठी किंवा बाणांनी पर्याय निवडण्यासाठी ही मधली यंत्रणा बाजूला सारावी लागते. नोडमध्ये त्याला 'रॉ मोड' म्हणतात.

रॉ मोडमध्ये प्रत्येक कळ जशीच्या तशी हाती येते, आणि जबाबदारीही तशीच येते. कंट्रोल आणि सी दाबून आज्ञावली थांबवण्याची ओळखीची सोय बंद पडते, कारण ते आता तीन क्रमांकाचे एक साधे अक्षर झालेले असते. ते ओळखून थांबण्याची व्यवस्था केली नाही, तर वापरणारा आज्ञावलीत कोंडला जातो. वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली, तर एस्केप, चौकोनी कंस आणि इंग्रजी 'ए' अशी तीन अक्षरे येतात. मग नुसती एस्केप कळ दाबली की बाणाची सुरुवात आहे, हे कसे ओळखावे? रीडलाइन त्यासाठी अर्धा सेकंद वाट पाहते. काही आज्ञावल्यांत एस्केप दाबल्यावर किंचित उशीर जाणवतो, त्याचे हे एक कारण. आज्ञावली मध्येच कोसळली किंवा बळेच मारली गेली, तर टाइप केलेले न दिसणारे किंवा कर्सर हरवलेले टर्मिनल मागे उरू शकते. तेव्हा न दिसणाऱ्या अक्षरांतच 'रीसेट' असे टाइप करून एंटर दाबावे. पडदा बहुधा पूर्वपदावर येतो.

रंगांची किंमत

टर्मिनलला रंग कळतात ते अक्षरांतूनच. १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीने आणलेल्या 'व्हीटी १००' या टर्मिनलने एस्केप अक्षराने सुरू होणाऱ्या ज्या सूचना लोकप्रिय केल्या, त्यांचाच विस्तार आजच्या खिडक्या पाळतात. एस्केप, चौकोनी कंस, ३१ आणि 'एम' लिहिले की पुढचा मजकूर लाल होतो. पडद्यावर हे अदृश्य असते. फाइलमध्ये मात्र तो कचरा जसाच्या तसा जाऊन बसतो. म्हणून रंग फक्त टर्मिनल समोर असतानाच द्यावेत. रंग नकोत असे सांगण्यासाठी 'नो कलर' नावाचे चल ठेवण्याचा संकेत २०१७ पासून रुजला आहे. त्याचाही मान राखावा. ज्यांना रंग ओळखण्यात अडचण आहे, त्यांच्यासाठी ही सोय किरकोळ नाही.

एवढ्याशा रंगांनी मोठी खळबळ माजवली आहे. जावास्क्रिप्टचे जग एनपीएम या भांडारातील तयार पॅकेजांवर चालते, आणि टर्मिनलवरील अक्षरे रंगवण्यासाठी लाखो आज्ञावल्या अशी पॅकेजे वापरतात. त्यांपैकी 'कलर्स' या पॅकेजमध्ये त्याच्या कर्त्यानेच जानेवारी २०२२ मध्ये कधीही न संपणारे आवर्तन घातले. ते वापरणाऱ्या आज्ञावल्या 'लिबर्टी' हा शब्द तीनदा छापून पुढे निरर्थक चिन्हे ओकत राहिल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये याहून गंभीर प्रकार घडला. 'चॉक' हे रंगांचे पॅकेज, रंगांची चिन्हे काढून टाकणारे 'स्ट्रिप-अॅन्सी' आणि अशीच आणखी काही पॅकेजे सांभाळणाऱ्याला बनावट ई-मेलने फसवण्यात आले आणि त्यांत आभासी चलनाचे व्यवहार पळवणारा मजकूर घुसवला गेला. या पॅकेजांचे एकत्रित डाउनलोड आठवड्याला २०० कोटींहून अधिक होते. बिघाड लवकर लक्षात आला आणि दूषित आवृत्त्या काही तासांतच हटवल्या गेल्या. पण दोन-चार चिन्हे लिहिण्याच्या कामासाठी बाहेरच्या पॅकेजवर विसंबणे किती महाग पडू शकते, हे तेव्हा दिसले. नोडमध्ये २०२४ पासून 'युटिल.स्टाइल-टेक्स्ट' ही रंगवण्याची सोय अंगभूत आहे. साध्या कामांना ती पुरते.

याच चिन्हांची दुसरी बाजू सुरक्षिततेची. बाहेरून आलेला मजकूर, मग तो ग्राहकाने अर्जात भरलेले नाव असो वा कोणा अनोळखी फाइलचे नाव, न तपासता टर्मिनलवर उमटवला आणि त्यात एस्केप सूचना दडवलेल्या असतील, तर त्या पडदा पुसू शकतात वा आधीच्या ओळींवर खोटा मजकूर लिहू शकतात. असा मजकूर उमटवण्यापूर्वी गाळून घेण्याची सोय नोडच्या 'युटिल' भागात आहे. ती वापरणारे थोडेच.

लिहिले, पण पोहोचले का?

यादीच्या शेवटची नावे गेली कोठे, हे अजून सांगायचे राहिले. काम संपल्यावर त्या तरुणाने 'प्रोसेस.एक्झिट' असे लिहिले होते. ही सूचना तत्काळ दार बंद करते. नोडचे लेखन काही ठिकाणी लगेच पूर्ण होते, काही ठिकाणी मागाहून. वाट कशाला जोडली आहे आणि कार्यप्रणाली कोणती, यावर ते अवलंबून असते. फाइलमध्ये लेखन तत्काळ होते, पाइपमध्ये मात्र अनेक यंत्रणांवर ते रांगेत थांबते. लिनक्सवर पाइपची सर्वसाधारण क्षमता ६४ किलोबाइट असते. पलीकडची आज्ञावली सावकाश वाचत असेल तर पाइप भरतो, उरलेल्या ओळी नोडच्या स्मृतीत वाट पाहतात, आणि दार बंद होताच तेथेच संपतात. नोडची अधिकृत माहितीपुस्तिका याबद्दल सावध करते. तिचा सल्ला असा, की 'प्रोसेस.एक्झिट-कोड' या जागी हवा तो क्रमांक लिहून ठेवावा आणि आज्ञावलीला आपोआप संपू द्यावे. रांग रिकामी झाली की ती स्वतःच थांबते.

रांग फार वाढू नये याचीही काळजी घ्यावी लागते. 'राइट' ही सूचना 'खोटे' असे उत्तर देते, तेव्हा तिचे म्हणणे 'जरा थांबा' असे असते; पुन्हा जागा झाली की 'ड्रेन' ही वर्दी मिळते. हे उत्तर न ऐकणाऱ्या आज्ञावल्या मोठ्या यादीवर संगणकाची स्मृती खाऊन टाकतात. याच्या उलट प्रसंगही येतो. निकालातील पहिल्या दहा ओळी पाहून पलीकडच्या आज्ञावलीने कान बंद केले, तर लिहिणाऱ्याला 'ईपाइप' नावाची चूक मिळते. तिची व्यवस्था केलेली नसेल, तर पडद्यावर लालभडक चुकांची माळ उमटते. वास्तविक बिघडलेले काहीच नसते. ऐकणारा उठून गेला एवढाच त्याचा अर्थ, आणि आज्ञावलीने शांतपणे आवरते घ्यावे.

पुणे मोठे की वसई?

चारही चुका दुरुस्त झाल्यावर पतसंस्थेच्या तरुणाला आणखी एक मोह होईल. यादी रकान्यांत नीट लावावी, असे त्याला वाटेल. नावापुढे मोकळ्या जागा भरून सर्व नावे सारख्या लांबीची करण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये 'पॅड-एंड' आहे. ती लांबी मोजते चिन्हांनी. तिच्या हिशेबी 'पुणे' चार चिन्हांचे आणि 'वसई' तीन चिन्हांची. डोळ्यांना मात्र पुणे दोन अक्षरांचे आणि वसई तीन अक्षरांची दिसते. 'महाराष्ट्र' या शब्दात यंत्राला दहा चिन्हे दिसतात, शाळेतल्या मुलाला चार अक्षरे. परिणामी मराठी रकाने वेडेवाकडे होतात.

'इंटल.सेगमेंटर' ही जावास्क्रिप्टमधील नवी सोय अक्षरे माणसासारखी मोजण्याचा प्रयत्न करते. देवनागरीतील जोडाक्षर एकच धरावे, हा नियम युनिकोडने आपल्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये स्वीकारला. त्यामुळे जुन्या नोडमध्ये 'ष्ट्र' तीन भागांत मोजले जाते आणि नव्यात एक. अक्षरे बरोबर मोजली, तरी काम फत्ते होत नाही. टर्मिनलचा पडदा सारख्या रुंदीच्या घरांचा बनलेला असतो आणि कोणत्या अक्षराला किती घरे द्यायची, हे प्रत्येक टर्मिनल आपल्या मताने ठरवते. काने-वेलांट्यांना एकजण स्वतंत्र घर देतो, दुसरा देत नाही. रुंद जोडाक्षर एका घरात कोंबले जाते किंवा शेजारच्या घरात सांडते.

मराठी याद्यांचे काम करणाऱ्यांनी तूर्त रकाने जुळवण्याचा नाद सोडलेला बरा. नाव आणि रक्कम यांच्यामध्ये एक टॅब किंवा स्वल्पविराम ठेवावा, निकाल तसाच फाइलमध्ये जाऊ द्यावा आणि ती फाइल एक्सेलसारख्या तक्त्यात उघडावी. तेथे प्रत्येक नावाला स्वतःचे घर असते.